आधी वाचणे, मग लिहिणे

फळ्यावर चार ओळी लिहायच्या.

अ = ५
ब = ७
अ = ब
ब = अ

प्रश्न एवढाच, की चौथी ओळ संपल्यावर अ मध्ये किती आणि ब मध्ये किती?

परतूरसारख्या तालुक्याच्या गावी अकरावी सायन्सला येणारी बरीच मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात. बीजगणितात त्यांचा हात चांगला बसलेला असतो. तरीही पहिल्या दिवशी बहुतेकांचे उत्तर एकच येते: अदलाबदल झाली, अ मध्ये ७ आले आणि ब मध्ये ५ गेले. प्रत्यक्षात तिसऱ्या ओळीलाच अ मधला ५ पुसला जातो आणि तिथे ७ बसतो. चौथी ओळ येईपर्यंत ५ हा आकडा कुठेच शिल्लक राहिलेला नसतो. शेवटी दोन्हीकडे ७. मागच्या बाकावरून कुणी तरी म्हणते, “सर, मग पाच गेले कुठं?” तो प्रश्न आला की प्रोग्रामिंगचा पहिला तास सुरू झाला असे मी समजतो.

ही चूक मुलांच्या निष्काळजीपणाची नाही, आणि ती कुठून येते हे शिक्षकाला नेमके माहीत असायला हवे. पहिले कारण बरोबरच्या चिन्हात आहे. शाळेत वर्षानुवर्षे ते चिन्ह ‘दोन्ही बाजू समान’ एवढेच सांगत आलेले असते. प्रोग्राममध्ये तेच चिन्ह हुकूम देते: उजवीकडची किंमत काढ आणि डावीकडे जे नाव आहे त्या जागी नेऊन ठेव. तिथे आधी जे होते ते गेले. म्हणूनच क = क + १ हे गणिताच्या वहीत अशक्य असते आणि प्रोग्राममध्ये रोज लागते. दुसरे कारण अधिक खोल आहे. मुलांना चारही ओळी एकदम दिसतात, लिहिणाऱ्याचा हेतू कळतो, आणि आपल्याला कळला तसा तो संगणकालाही कळला असणार असे ती धरून चालतात. रॉय पी या अमेरिकी संशोधकाने १९८६ साली नवशिक्यांच्या चुकांचा अभ्यास करताना या समजुतीला ‘सुपरबग’ असे नाव दिले. यंत्राच्या आत कुठे तरी एक समजूतदार मन बसलेले आहे, ही ती समजूत. बाकीच्या अनेक चुका तिच्याच पोटातून निघतात. त्याच वर्षी बेनेडिक्ट ड्यू बूले या दुसऱ्या संशोधकाने म्हटले, की शिकणाऱ्याच्या डोक्यात आधी एक कल्पित यंत्र उभे राहायला हवे, अगदी साधे, पण काय करते आणि काय करत नाही हे ज्याच्याबद्दल खात्रीने सांगता येईल असे. भाषा त्यानंतर.

या प्रकरणात मला जे सांगायचे आहे ते याच जागेवरून सुरू होते. आपल्याकडे प्रोग्रामिंग शिकवताना पहिल्याच आठवड्यात मुलांना लिहायला बसवतात. वाचायला कुणी शिकवत नाही. दुसऱ्याने लिहिलेला दहा ओळींचा प्रोग्राम हातात घेऊन, यंत्राच्या जागी स्वतः बसून, ओळीमागून ओळ चालवून, शेवटी पडद्यावर काय उमटेल हे कागदावर सांगता येणे ही पहिली पायरी आहे. ती चुकवली तर पुढचे सगळे पाठांतरावर उभे राहते.

जगातही हा धडा उशिरानेच शिकला गेला. २००१ साली मायकेल मॅक्क्रॅकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांना, म्हणजे प्रोग्रामिंगचे सुरुवातीचे अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या मुलांना, कॅल्क्युलेटरचा एक छोटा प्रोग्राम लिहायला दिला. ११० पैकी सरासरी गुण २३ सुद्धा भरले नाहीत. शिकवणाऱ्यांना तो धक्काच होता. मुलांना समस्या सोडवता येत नाही असा अर्थ बऱ्याच जणांनी काढला. २००४ साली रेमंड लिस्टर यांच्या गटाने प्रश्न उलटा करून पाहिला. सात देशांतल्या विद्यार्थ्यांना काही लिहायला न सांगता तयार प्रोग्रामचे छोटे तुकडे दिले आणि त्यांचे उत्तर काय येईल, किंवा अपुऱ्या तुकड्यात कोणती ओळ बसेल, एवढेच पर्यायांतून निवडायला सांगितले. तिथेही अनेकांची दांडी उडाली. लिहिता येत नव्हते कारण मुळात वाचताच येत नव्हते. त्या अभ्यासातली एक बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटते. संशोधकांनी मुलांचे कच्चे कागदही गोळा केले होते. ज्यांनी प्रत्येक ओळीला किमती कशा बदलल्या हे कागदावर टिपले होते, त्यांची उत्तरे बरोबर येण्याचे प्रमाण अधिक होते.

हा कच्चा कागद परतूरच्या वर्गात आणायला एक रुपयाही लागत नाही. वहीत उभ्या रेघा मारायच्या. पहिल्या रकान्यात ओळीचा क्रमांक, पुढे प्रत्येक नावाला एक रकाना, शेवटचा रकाना पडद्यावर उमटणाऱ्या मजकुराचा. किंमत बदलली की जुनी एका रेघेने खोडायची, पण गिरवून काळी करायची नाही, कारण ती कधी गेली हे नंतर दिसायला हवे. आपले शिक्षक याला ‘ड्राय रन’ म्हणतात आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एकदा करून दाखवतात. ते रोज करायचे काम आहे, तासाची पहिली दहा मिनिटे. जोडीने केले तर आणखी चांगले: एकाने ओळ वाचायची, दुसऱ्याने यंत्र व्हायचे. यंत्र झालेल्याने स्वतःचे डोके चालवायचे नाही, जे लिहिले आहे तेवढेच करायचे. हुशार मुलांना ही भूमिका सगळ्यात जड जाते. ती न सांगितलेलेही करून टाकतात. पण याच भूमिकेतून त्यांच्या डोक्यातले ते समजूतदार मन हळूहळू बाहेर पडते.

याच्या उलट आपली जर्नल, म्हणजे प्रात्यक्षिकाची वही. बारावी बोर्डाचा कॉम्प्युटर सायन्स हा बायफोकल, म्हणजे व्यवसायाभिमुख निवडीचा, विषय वर्षानुवर्षे चालत आला. त्यात सी++, डेटा स्ट्रक्चर्स, एचटीएमएल, अगदी इंटेलचा ८०८५ हा मायक्रोप्रोसेसरही आला. अभ्यासक्रम वाईट नव्हता. ८०८५ शिकताना तर रजिस्टरमध्ये काय गेले आणि काय निघाले हे हातानेच पाहावे लागते. अडचण शिकण्याच्या रीतीत झाली. ठरावीक प्रोग्राम सुवाच्य अक्षरात वहीत उतरवायचे, डाव्या पानावर पेन्सिलीने आउटपुट काढायचे, सह्या घ्यायच्या आणि प्रात्यक्षिकाला त्यातलाच एखादा चिठ्ठीवर येईल म्हणून सगळे पाठ करायचे. अनेक मुले असा प्रोग्राम अर्धविरामासकट बिनचूक लिहून देतात. त्यातला एक आकडा बदलून ‘आता काय येईल?’ असे विचारले की गप्प होतात. या मुलांची मेहनत पाहिली की वाईट वाटते. मेहनत कमी नाही, ती चुकीच्या जागी लावली गेली आहे.

महाराष्ट्राने प्रोग्रामिंगचे दोन मोठे शिक्षक दिले, त्यांच्याकडे मात्र या जर्नलच्या पलीकडे नेणाऱ्या वाटा सापडतात. पहिले नागपूरचे यशवंत कानेटकर. व्हीजेटीआय आणि आयआयटी कानपूर इथे शिकलेल्या या लेखकाचे ‘लेट अस सी’ हे पुस्तक नवे, जुने, झेरॉक्स केलेले अशा सगळ्या रूपांत देशभरातल्या मुलांच्या हाती गेले. कानेटकरांची मांडणी भाषाशिक्षकाची आहे. आधी अक्षरे, मग शब्द, मग वाक्ये, मग परिच्छेद अशा क्रमाने आपण इंग्रजी शिकतो, तशीच सी ही भाषा शिकू, असे ते पहिल्याच प्रकरणात सांगतात. आणि पहिला खरा प्रोग्राम देतात तो सरळव्याजाचा. मुद्दल १०००, मुदत ३ वर्षे, दर साडेआठ, उत्तर २५५. यातली निवड दाद देण्यासारखी आहे. सूत्र शाळेतले, उत्तर तोंडी काढता येणारे. त्यामुळे संगणकाने काय केले ते मुलाला स्वतः तपासता येते.

या सरळव्याजाशी थोडे खेळून पाहावे, कारण वाचन म्हणजे काय ते इथे उघडे पडते. समजा दर साडेआठऐवजी पूर्ण ८ धरला आणि सगळ्या किमती पूर्णांक ठेवल्या. १००० गुणिले ३ गुणिले ८ भागिले १०० असे लिहिले तर २४० येतात. आता एखाद्या मुलीने हेच वेगळ्या क्रमाने लिहिले: ८ भागिले १००, गुणिले १०००, गुणिले ३. गणितात काहीच फरक पडायला नको. सी मध्ये उत्तर येते शून्य. पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की सी अपूर्णांक टाकून देते, म्हणून ८ भागिले १०० झाले शून्य, आणि शून्याला पुढे कशानेही गुणले तरी शून्यच. तिचे सूत्र बरोबर, टायपिंग बरोबर, कुठलीही एरर नाही, आणि बँकेत व्याज शून्य.

अजून एक पाऊल पुढे. आपल्या कॉलेजांमध्ये बोरलँडचा निळ्या पडद्याचा टर्बो सी त्याचे आयुष्य संपल्यावरही कित्येक वर्षे चालू राहिला, नव्या विंडोजवर डॉसबॉक्स टाकून. त्यात पूर्णांकाला १६ बिट जागा मिळते, म्हणजे उणे ३२,७६८ पासून ३२,७६७ पर्यंत. मूळच्या बरोबर क्रमातच मुद्दल ५००० करा. ५००० गुणिले ३ म्हणजे १५,०००, इथवर ठीक. त्याला ८ ने गुणले की व्हायला हवेत १,२०,०००. ते १६ बिटांत मावत नाहीत. ६५,५३६ चे पूर्ण फेरे वजा होत होत हाती राहतात उणे ११,०७२. त्याला १०० ने भागले की व्याज उणे ११०. ठेव ठेवली म्हणून बँकेनेच आपल्याकडून पैसे मागितले! हा हिशेब मुलांकडून वहीत करून घ्यावा. एकदा हाताने केला की डेटा टाइपचा तक्ता वेगळा पाठ करावा लागत नाही, आणि जुना टर्बो सी निदान एवढ्या कामी येतो.

दुसरे शिक्षक मुंबईच्या आयआयटीतले अभिराम रानडे. त्यांनी नेमका उलटा रस्ता घेतला. अक्षरे, शब्द, व्याकरण यात महिना घालवण्याऐवजी पहिल्याच दिवशी काही तरी घडले पाहिजे, आणि ते डोळ्यांना दिसले पाहिजे. त्यासाठी त्यांनी सी++ वर ‘सिम्पलसीपीपी’ नावाची जोडणी तयार केली. पडद्यावर एक कासव येते. त्याला पुढे १०० जा, उजवीकडे ९० अंश वळ, असे सांगायचे. चारदा तेच करायचे असेल तर ‘रिपीट ४’ म्हणायचे, चौकोन तयार. सी++ च्या सुरुवातीला जो न समजणारा मजकूर नवशिक्याला मंत्रासारखा लिहावा लागतो, तो त्यांनी आत दडवून टाकला. या मांडणीवरचे त्यांचे ‘ॲन इंट्रोडक्शन टू प्रोग्रामिंग थ्रू सी++’ हे पुस्तक २०१४ साली आले. शाळेत हाताने करायला शिकलेल्या रीती, म्हणजे मसावि काढणे, आकृती काढणे, बेरजा करत जाणे, यंत्राला समजतील अशा नेमक्या शब्दांत मांडता येणे हेच प्रोग्रामिंग, असा त्या पुस्तकाचा रोख आहे. मुलगा कोरी पाटी घेऊन येत नाही, हे त्यात गृहीत धरले आहे, आणि मला ते फार पटते.

कासव रानडे यांचे स्वतःचे नाही. १९६७ साली सिमोर पॅपर्ट, वॉलेस फॉइरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी अमेरिकेत लहान मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा रचली, आणि कासव पुढे त्या भाषेची ओळखच झाले. पॅपर्ट त्याआधी जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांच्याबरोबर काम करून आले होते. मूल कासवाच्या जागी स्वतःला ठेवून विचार करते, स्वतःच्या अंगाने वळून पाहते, म्हणून भूमिती त्याच्या अंगवळणी पडते, असे त्यांचे म्हणणे. हे खरे आहे का, ते समभुज त्रिकोणाने तपासता येते. चौकोन जमल्यावर मुलांना त्रिकोण काढायला सांगा. पाठ्यपुस्तकात प्रत्येक कोन ६० अंशांचा असतो, म्हणून वर्गातली बहुतेक मुले तीनदा ‘पुढे १००, उजवीकडे ६०’ असे लिहितात. आकृती मिटत नाही, कासव षटकोनाच्या अर्ध्या वाटेवर थांबते. आता कॉम्प्युटर बंद करून मुलांना मैदानात न्यावे. एकाने खडूच्या त्रिकोणावर चालायचे आणि कोपऱ्यावर आल्यावर किती वळावे लागले ते अंगाने मोजायचे. तो ज्या दिशेने चालत होता ती सरळ पुढची दिशा सोडून नव्या बाजूकडे वळायला १२० अंश लागतात. आतला कोन ६०, वळण १२०. बाह्यकोन ही गोष्ट मुलांनी प्रमेयात वाचलेली असते, इथे ती पायाखाली येते. तीन वळणांची बेरीज ३६०, चौकोनाच्या चार वळणांचीही ३६०. मग पंचकोनाला किती वळायचे, हे सांगावे लागत नाही.

कानेटकर आणि रानडे यांतला एकच निवडायचा झाला तर मी सुरुवात रानड्यांच्या वाटेने करीन आणि तीन महिन्यांनी कानेटकरांचे पुस्तक हाती देईन. काही घडताना पाहिलेल्या मुलाला नियम जाणून घ्यायची भूक असते, आणि कानेटकर नियम सांगतात ते गप्पा मारल्यासारखे.

यंत्रे कमी, मुले जास्त, त्यात वीज गेलेली. ही तक्रार मराठवाड्यातला प्रत्येक शिक्षक करतो आणि ती खोटी नाही. पण वाचन आधी म्हटल्यावर तिचा जोर बराच कमी होतो. न्यूझीलंडच्या टिम बेल यांनी इयन विटन आणि माइक फेलोज यांच्यासह १९९०च्या दशकात ‘सीएस अनप्लग्ड’ या नावाने संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवण्याचे खेळ रचले. आपल्याकडे एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली ‘सीएस पाठशाला’ हा उपक्रम सुरू केला, तोही याच विचारावर: शाळेत मशीन असो वा नसो, विचार करण्याची रीत शिकवता येते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून कोडिंगची गोष्ट केली आहे. तिचे रूपांतर सहावीतल्या जर्नलमध्ये होऊ नये असे वाटत असेल, तर हा कागदी रस्ता प्रत्येक जिल्हा परिषद शाळेपर्यंत पोचवावा लागेल.

या कागदी रस्त्यासाठी परतूरच्या मुलांना उदाहरण बाहेरून आणून द्यावे लागत नाही. मोंढ्यात सोयाबीनची किंवा कापसाची हर्रास त्यांनी वडिलांबरोबर पाहिलेली असते. बोली वाढत जाते, प्रत्येक क्षणी फक्त सगळ्यात वरची बोली ध्यानात ठेवायची, नवी आली की तिच्याशी ताडून पाहायची, मोठी असेल तर जुनी सोडायची. तीस संख्यांतली सगळ्यात मोठी संख्या शोधणारा प्रोग्राम हेच करतो. वर्गात तीस चिठ्ठ्या डब्यात टाकून एकेकच बाहेर काढावी, आणि शोधणाऱ्याला फक्त दोन संख्या लक्षात ठेवायची मुभा द्यावी: आतापर्यंतची मोठी आणि हातातली. फळ्यावर सहा आकडे लिहून ‘सांगा मोठा कोणता’ विचारले तर मुले नजरेने उचलतात आणि रीत कुठली ते त्यांना कळतच नाही. डब्यामुळे रीत दिसू लागते. मग पेच टाकायचा: आता सगळ्यात लहान शोधा. ‘आतापर्यंतची’ म्हणून सुरुवातीला शून्य धरले असेल तर तीसही चिठ्ठ्या संपतात आणि उत्तर शून्यच राहते, जे कुठल्याही चिठ्ठीवर नव्हते. सुरुवात पहिल्या चिठ्ठीने करायची हे मुले स्वतः शोधतात. प्रोग्राममध्ये यादीतली मोजणी शून्यापासून होते, हेही असेच गावच्या रेल्वेवरून पटते. जालना, परतूर, सेलू, मानवत रोड, परभणी अशी यादी पायथॉन या भाषेला दिली तर परतूरचा क्रमांक १ येतो, कारण जालना ० वर असते.

भाषेबद्दल आता. अकरावीला सायन्स एकदम इंग्रजीत येते आणि अनेक चांगली मुले तिथेच स्वतःला कमी समजू लागतात. त्यांना एक हिशेब दाखवावा. सी च्या मूळ प्रमाणित रूपात राखीव शब्द आहेत ३२, आजच्या पायथॉनमध्ये ३५. प्रोग्राम लिहायला भाषेने लादलेले इंग्रजी जवळपास एवढेच. बाकीचा विचार, रीत, वादविवाद, ड्राय रन सगळे मराठीत करावे, परतूरच्या बोलीत करावे. इंग्रजी खरोखर आडवी येते ती एरर वाचताना. त्यासाठी नेहमी येणाऱ्या पंधरा-वीस एरर वर्गाच्या भिंतीवर मराठी अर्थासह लावाव्यात, आणि आधी ओळीचा क्रमांक पाहायची सवय लावावी. मुंबई आयआयटीत कन्नन मौदगल्य यांनी उभारलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ची रीतही अशीच समजूतदार आहे: पडद्यावरचे सॉफ्टवेअर इंग्रजीत, निवेदन मराठीसह भारतीय भाषांत, दहा मिनिटांच्या आसपासचे तुकडे, ऐकत ऐकत बाजूला स्वतः करून पाहायचे.

आणि २००८ मध्ये आलेल्या पायथॉन ३ पासून नावेही देवनागरीत ठेवता येतात. ‘मुद्दल’, ‘दर’, ‘व्याज’ अशी नावे लिहिलेला प्रोग्राम बिनतक्रार चालतो. आकड्यांची गंमत निराळी: प्रोग्राममध्ये थेट देवनागरी ५ लिहिला तर पायथॉन नाकारते, पण तोच अवतरणात घालून ‘इंट’ या तयार फंक्शनकडे दिला तर खरा पाच करून देते. पहिले काही आठवडे देवनागरी नावे जरूर वापरावीत. मुलांचा धीर वाढतो, आणि कोणता शब्द भाषेचा आणि कोणता आपला, हे लिपीवरूनच ओळखू येते.

आता मोबाइलला मराठीत सांगितले तरी तो क्षणात प्रोग्राम लिहून देतो. मग शिकायचे कशाला, असे पालक विचारतात. लिहून मिळालेला प्रोग्राम वाचून त्यातले ८ भागिले १०० पकडायला माणूस लागतोच, आणि ते वाचन ज्याने कागदावर केले नाही त्याला शून्य व्याजही खरेच वाटते. म्हणून मी वर्गात अशा तयार प्रोग्रामना मज्जाव करत नाही. ते आणावेत, पण चालवण्याआधी वहीत ड्राय रन करून काय येईल ते लिहावे. स्यू सेंटन्स या ब्रिटिश शिक्षिकेने २०१७ च्या सुमारास मांडलेला क्रम याच्याशी जुळतो: आधी भाकीत, मग चालवणे, मग खोलात पाहणे, मग थोडा बदल, आणि सगळ्यात शेवटी स्वतःचे नवे लिहिणे.

अशा वाचनासाठी मराठीने एक अप्रतिम गृहपाठ तयार ठेवला आहे. उलटसुलट सारखे वाचता येणारे शब्द ओळखणारा प्रोग्राम कुठल्याही पुस्तकात मिळतो: शब्द उलटा करा, मूळ शब्दाशी ताडून पाहा. ‘कनक’ द्या, बरोबर. ‘सरस’, बरोबर. ‘नवजीवन’ द्या, चूक. मुले चकित होतात. न, व, जी, व, न असे बोटावर मोजून दाखवतात, आणि त्यांचे बरोबरच असते. मग पायथॉनला ‘परतूर’ची लांबी विचारायची. आपण म्हणू चार, तो म्हणतो पाच: प, र, त, दीर्घ उकार, र. ‘विद्यार्थी’ला आपण तीन अक्षरे म्हणू, तो दहा मोजतो. युनिकोडमध्ये काना-मात्रा, अनुस्वार आणि हलंताचे चिन्ह यांना प्रत्येकी स्वतंत्र क्रमांक आहे. आधीच्या ‘इस्की’ या भारतीय प्रमाणाची रचना तशीच होती आणि युनिकोडने देवनागरी तिच्यावरून बेतली. म्हणून ‘नवजीवन’ उलटताना ज ची वेलांटी सुटून आधीच्या व वर जाऊन बसते आणि ‘नवीजवन’ तयार होते.

दुरुस्तीचा नियम मुलांनी स्वतः काढायचा. बहुतेक गट इथवर येतात: मात्रा, अनुस्वार, विसर्ग किंवा हलंत आला की तो मागच्याला जोडा, आणि मागे हलंत असेल तर पुढचे व्यंजनही त्याच अक्षरात घ्या. ‘विद्यार्थी’चे वि, द्या, र्थी असे तीन तुकडे पडतात आणि ‘नवजीवन’ही पास होते. तेव्हा पुढचे कोडे द्यायचे. दोन वेगवेगळ्या फोनवर ‘दुसऱ्या’ हा शब्द टाइप करून घ्यायचा आणि दोन्ही सारखे आहेत का ते पायथॉनला विचारायचे. काही वेळा तो नाही म्हणतो. एका कीबोर्डने ‘ऱ’ हे वेगळे अक्षर वापरलेले असते, दुसऱ्याने साधा र, हलंत आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. दोन्ही शब्द एका ओळीत ठेवावेत, प्रत्येकाचे क्रमांक एकाखाली एक छापून घ्यावेत, आणि नियमात आता कोणती ओळ वाढवायची हे मुलांना वहीत लिहायला सांगावे.